दोघांच्या नावावरची जागा

९ मार्च

अहो,

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी धस्स झालं, म्हटलं कोण गेलं? हल्ली टपाल येतं ते एक तर गृहनिर्माण मंडळाचं, नाहीतर वाईट बातमीचं. तुमचं दोन्हींत मोडतं.

तुम्ही वाट बघत बसायला नको म्हणून लगेच लिहिते. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

नियम मला समजावून सांगायची गरज नव्हती. मंडळाच्या जागेत मी राहते, नियम मला पाठ आहेत. जागा दोघांच्या नावावर. त्यातलं एकच नाव काढता येत नाही. दोघांपैकी कुणीही एकानं ‘सोडतो’ म्हणून लिहून दिलं की दोघांचीही सुटते. आणि तुमचं नाव इथे आहे तोवर तुम्हाला तिकडे मंडळाची दुसरी जागा मिळायची नाही. म्हणजे तुम्हाला तिथला तळमजला हवा, तर मी इथला तिसरा मजला सोडायचा. हिशेब सोपा आहे.

तुमची एकट्याची सही पुरली असती. मला न विचारता नोटीस देऊन टाकली असतीत, तर मला निवांत शिव्या तरी देता आल्या असत्या. तुम्ही विचारलंत. स्वतःच्या घरात ‘चहा घेऊ का?’ विचारणारा माणूस तुम्ही, दुसरं काय करणार! आता ‘नाही’ म्हणायचं पापही माझ्याच डोक्यावर.

आणि हे काय लिहिलंय, ‘तुला एकटीला एवढी जागा कशाला लागते?’ कशाला म्हणजे? एका खोलीत बसते. कंटाळा आला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. इथून इस्पितळाचं धुलाईघर पायी जाण्याइतकं जवळ आहे, कामाची पाळी संपली की पाठ टेकायला घर आहे. समोरची मावशी आहे. पोरगी माहेरी येते ती इथेच येते.

दूध उतू गेलं वाटतं. आले.

गेलंच. तर, गुडघ्यांचं वाचलं. तेल लावून शेकत जा.

पोरीची आई

१४ मार्च

अहो,

त्या दिवशी जरा तोडून लिहिलं. मागे घेत नाही. पण एक सांगायचं राहिलं आणि ते मला झोपू देत नाही. आज धुलाईघरात इस्त्रीच्या मशीनमध्ये चादर तिरकी घातली. माझ्या हातून असं होत नाही. मुकादम म्हणाला, ‘बाई, घरी सगळं ठीक?’ त्याला काय सांगू?

पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तोवर तुमचा तिकडचा पत्ता घालून मंडळाला काहीही पाठवू नका. कृपा करा.

कारण मंडळाच्या लेखी तुम्ही इथे राहता.

मी खोटं बोलले असं नाही. तुम्ही नव्या छापखान्यात रुजू व्हायला गेलात, त्याच महिन्यात जुने तपासनीस आले. तुमच्या चपला दारात होत्या. ‘साहेब कामावर?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘हो.’ होतातच की तुम्ही कामावर! आणि पोरीची परीक्षा झाली की मीही तिकडे येणारच होते. पुढच्या वर्षी तिचं कॉलेज निघालं. मग तिचं लग्न. मग माझी मुकादमीण व्हायची पाळी होती, ती काही मी झाले नाही. आपलं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

चपला मात्र दारातच राहिल्या. दोघंजण म्हणून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकटीला एकच खोली देतात.

तर तपासणीच्या आदल्या दिवशी मी तयारी करते. चपला पुसून ठेवते, अगदी चकचकीत नाही, वापरातल्या वाटायला हव्यात. तुमचा चौकड्यांचा शर्ट खुंटीला. न्हाणीघरात आरशाखाली तुमचा दाढीचा ब्रश, ओला करून. कोरडा ब्रश लगेच ओळखू येतो. गेल्या वर्षी तर मी दुसऱ्या उशीला डोक्याचा खळगासुद्धा पाडला होता. हसू नका. काम नेटकं व्हायला पाहिजे.

तपासनीस येतात, दारातूनच मान आत घालतात, पाणी पितात, जातात. मग ते सगळं आवरायचं असतं. आवरायला मला आठवडा लागतो. एवढं काही नसतं खरं म्हणजे.

तर पाठवू नका.

पोरीची आई

२१ मार्च

तुम्ही अर्ज आधीच करून बसला होतात. थंडीतच. मला सांगायचं तेवढं राहिलं, नाही का?

या वेळी जुने तपासनीस नव्हते. एक मुलगी आली, आपल्या पोरीएवढी. बूट दारात काढून सरळ आत आली, तिथेच मी ओळखलं. जो माणूस बूट काढतो तो बसतो.

‘काकू, काका कुठे असतात?’

‘कामावर.’

‘कुठली पाळी?’

‘सकाळची.’

खोल्या बघितल्या. नळ उघडून बघितला, भिंतीवर ओल कुठे आहे ते विचारलं. चांगली मुलगी. मग न्हाणीघरात गेली. मी मागोमाग. तिनं ब्रशकडे बघितलं, मग हातातल्या फायलीकडे, मग परत ब्रशकडे.

‘काका रोज दाढी करतात?’

‘रोज म्हणजे काय! तुळतुळीत. एक दिवस चुकवत नाहीत. दाढी राहिली तर घास उतरत नाही त्यांना.’

मला कुणी सांगितलं होतं एवढं बोलायला? घाबरलेलं माणूस नको तिथे मीठ घालतं.

तिनं फाइल माझ्याकडे फिरवली. एक फोटो होता. एक म्हातारा, चांगली मूठभर पांढरी दाढी, गळ्याशी मफलर.

‘हे कोण?’ मी विचारलं.

नाटक नव्हतं ते. मी खरंच विचारलं.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘काकू, हे काका आहेत.’

तिनं मला खांद्याला धरून पलंगावर बसवलं. माझ्याच माठातलं पाणी मलाच आणून दिलं. मी फोटो सोडला नाही. नाक तुमचंच. पण कपाळ? तुम्हाला एवढं कपाळ कधीपासून आहे?

ती म्हणाली, ‘आज मी “गृहस्थांची भेट झाली नाही” एवढंच लिहिते. पण दोन पत्ते एका माणसाला नसतात, काकू. मला परत यावं लागेल.’ मग तिनं वाटा सांगितल्या. काका इथे राहतात असं दिसलं, तर त्यांचा तिकडचा अर्ज रद्द होईल आणि जागा जशी आहे तशी राहील. नाही दिसलं, तर मंडळ जागा काढून घेईल, आणि मग मला कुठे आणि कधी टाकायचं ते मंडळ ठरवेल. तिसरी वाट म्हणजे दोघांपैकी कुणी तरी आपणहून नोटीस द्यायची. आपणहून मोठी जागा सोडणाऱ्याला एका खोलीची जागा आधी मिळते.

जाताना दारात बूट घालता घालता तिनं तुमच्या चपलांकडे बघितलं. म्हणाली, ‘पुसता चांगल्या.’

२२ मार्च

पोरीला फोन केला. बोलणं जसंच्या तसं लिहिते.

‘बाबांनी दाढी ठेवली आहे?’

‘हो. झाली की बरीच वर्षं.’

‘आणि तू मला सांगितलं नाहीस?’

‘आई, तू कधी विचारलंस?’

‘दाढीचं काय विचारायचं असतं?’

‘कशाचंच नाही विचारलंस. मी बाबांचं नाव काढलं की तू गॅस बघायला उठतेस.’

मी म्हटलं, ‘थांब, गॅसवर भाजी आहे.’ ती हसत सुटली. मला राग आला आणि मी फोन ठेवला.

गॅसवर काही नव्हतं.

४ एप्रिल

अहो,

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग समोरच्या मावशीला वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण कुणाला तरी दाखवल्याशिवाय घरात पाय ठरेना. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून स्वयंपाकघरात. खालची बाई वर येऊन विचारून गेली, सामान हलवताय का म्हणून.

तुम्ही लिहिता, ‘दाढी काढतो. तुझ्या त्या मुलीच्या पुढच्या फेरीला येऊन बसतो. इथेच राहतो म्हणून सांगतो. तळमजल्याचं राहू दे, मला या माडीची सवय आहे. तुझी जागा जायला नको.’

मावशी म्हणाली, ‘घे की बोलावून! नवरा आहे, भाड्यानं आणलेला नट नाही.’

मी म्हटलं, ‘लोक काय म्हणतील?’

‘कुठले लोक? अगं, तो इथे राहत नाही हे सगळ्या जिन्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तपासणीच्या दिवशी पोरं माझ्या दारात येऊन विचारतात, आज काकांच्या चपला पुसल्या का म्हणून.’

एवढी वर्षं मी चोरून काम करत होते आणि प्रेक्षक खुर्च्या टाकून बसले होते.

तर ठीक आहे. या.

ती मुलगी वीस तारखेला येणार आहे, आदल्या दिवशी पोचा. दाढी तिकडेच काढा, इथे येऊन काढाल तर गाल दोन रंगांचे दिसतील. चौकड्यांचा शर्ट इथे आहे, पण तो आता तुम्हाला होईल का कोण जाणे. घराची थोडी उजळणी करावी लागेल. चमचे उजव्या खणात नसतात, डाव्या खणात असतात. न्हाणीघराचं दार आता बाहेर उघडतं. नळ पूर्ण पिळायचा नाही, ठिबकतो, अर्धाच पिळला तर थांबतो. खिडकीखालच्या खुर्चीत बसा, तिचा पाय हलतो पण दिसत नाही. ‘कुठली पाळी?’ विचारलं तर सकाळची.

पहिल्या खोलीत मी झोपते. दुसऱ्या खोलीत अंथरूण घालते.

पोरीची आई

१३ एप्रिल

येऊ नका.

तिकीट काढलं असलं तर परत करा. दाढी काढली असली तर वाढवा.

पोरीचा फोन आला होता. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तुझे बाबा येतायत. ती नुसतं ‘कधी?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘का गं? आनंद नाही झाला?’ ती म्हणाली, ‘आई, ते जिना उतरणार कसा?’

‘कसा म्हणजे? उतरतात तसा.’

‘बसून उतरतात. एकेका पायरीवर बसत. वाण्याकडे जायचं असेल तर खालच्या मुलाला हाक मारतात. मला म्हणाले, आईला सांगू नकोस, ती म्हणेल तेल लाव.’

तेल लावून शेकत जा, असं मी लिहिलं होतं. बरोबर त्याच शब्दांत.

फोन ठेवल्यावर मी घरात थांबलेच नाही. दुपारच्या सुट्टीत जेवायला आले होते, तशीच धुलाईघराच्या ॲप्रनवर मंडळाच्या कचेरीत गेले. जाताना ठरलेलं काही नव्हतं. नुसतं चालायचं होतं. कचेरीपर्यंत आले आणि मग तिच्या दारावरून परत फिरायचा मला कंटाळा आला. खरं तेवढंच कारण आहे, मोठं काही शोधू नका.

ती तपासणीवाली मुलगी टेबलाशी डबा खात होती. मला बघून तिनं झाकण लावलं.

‘खा गं, खा,’ मी म्हटलं. ‘मी जागा सोडायला आले आहे.’

‘काकू, बसा आधी. घाई नाही. काका येणार होते ना?’

‘काका यायचे नाहीत.’

तिनं कागद काढला. तिला विचारावंच लागतं म्हणाली. ‘घरात सध्या कोण कोण राहतं?’

‘मी.’

‘आणि?’

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणी तरी सायकलला कुलूप लावत होतं. लागत नव्हतं, तो परत परत लावत होता.

‘मी एकटी,’ मी म्हटलं. ‘पोरगी लग्न होऊन गेली. हे त्याआधीच गेले. तेव्हापासून मी एकटीच राहते.’

आजवर मी हे माझ्या तोंडानं कुणालाही सांगितलं नव्हतं. मावशीलासुद्धा नाही. तोंडातून निघालं तर वाक्य केवढंसं निघालं! मला वाटत होतं, बोलायला लागले तर संध्याकाळ होईल.

मुलीनं लिहून घेतलं. रागावली नाही. नुसतं म्हणाली, ‘इथे सही करा.’ केली.

लक्षात ठेवा, नोटीस मी दिली आहे, तुम्ही नाही. उद्या उठून ‘तुमच्यापायी माझं घर गेलं’ असं मला म्हणता येऊ नये, म्हणून मी दिली. मला माझी जीभ माहीत आहे. सोडल्याच्या कागदाची नक्कल सोबत आहे. ती तिकडच्या कचेरीत लगेच द्या, महिनाअखेरपर्यंत तळमजला तुमच्यासाठी राखून ठेवतात असं मुलीनं फोन करून विचारून घेतलं. खालच्या मुलाला पाठवू नका. कागद आहे, हरवेल. रिक्षा करा आणि दोघांना धरायला सांगून खाली उतरा. बसून उतरू नका.

रात्री मला झोप लागली नाहीच. पण या खोलीतून त्या खोलीत गेले नाही. एकाच जागी जागी होते.

पोरीची आई

३० मे

अहो,

उद्या जागा मंडळाच्या ताब्यात. घेतली तशी द्यायची असते, म्हणून आठवडाभर तुम्ही ठोकलेलं सगळं उपटते आहे. काय माणूस आहात हो तुम्ही? एका फळीला सात खिळे? पुस्तकांच्या फळीचं एक टोक सुटेना, तेव्हा मावशीच्या जावयाला बोलावलं. तो म्हणाला, ‘कुणी लावली ही?’ मी म्हटलं, ‘घरमालकानं.’ म्हणाला, ‘त्याला पाडायची नव्हती वाटतं.’

चादरींच्या घड्या घालायला एक माणूस कमी पडला. धुलाईघरात समोरची बाई न सांगता पुढे येते, टोकाला टोक मिळतं. इथे मावशीला घेतलं. ती मध्येच बोलायला थांबते आणि तिचं टोक जमिनीला लागतं. शेवटी मी सगळं तसंच बोचक्यात बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा.

माझी नवी खोली बसडेपोच्या मागे आहे. पहाटे गाड्या सुरू करून ठेवतात, भिंत थरथरते. धुलाईघर आता लांब पडतं, बसनं जावं लागेल, निदान बस दारातून निघते. खोलीला एकच खिडकी, आणि कंटाळा आला तर जाऊन बसायला दुसरी खोली नाही. काल रिकामी खोली बघायला गेले तर उभीच राहिले बराच वेळ. बसायला काही नव्हतं म्हणून नव्हे. कुठे बसायचं तेच सुचेना. तपासणीवाल्या मुलीनं विचारलं, ‘जमेल ना, काकू?’ मी म्हटलं, ‘न जमून कुणाला सांगतेस?’ चिडून म्हटलं. मग मीच म्हटलं, ‘जमवीन.’

दरवाजावरची पाटी मुलीनं मला विचारून लिहून घेतली. एकच नाव आहे. आडनाव तुमचंच ठेवलं, त्याची सवय झाली आहे.

आता तुमच्या पत्राकडे येते. तीनदा वाचलं. तळमजला मिळाला, दारासमोर पायरीसुद्धा नाही, रोज बाहेर जाऊन बसता, वाचून बरं वाटलं. पुढे लिहिता की त्याच इमारतीत दोन खोल्यांची जागा पावसाळ्यानंतर रिकामी होते आहे, आणि तिथले साहेब म्हणतात, बायकोचं नाव घातलं तर ती तुम्हाला मिळेल. ‘तुझं नाव घालू का?’

परत विचारलंतच.

नाही. घालू नका. रागानं म्हणत नाही. दोघांच्या नावावरची जागा एकदा होती आपल्याकडे. ती सांभाळता सांभाळता मी दोघांमधल्या एकाचा चेहरा विसरले, इतकी की त्याच्याच फोटोकडे बघून ‘हे कोण?’ विचारलं. परत कागदावर नाव चढवलं, की मी परत त्या कागदाचीच राखण करत बसेन. स्वभाव आहे.

पण मला सुट्टी शिल्लक आहे, पुष्कळ आहे, कधी घेतलीच नाही. मुकादम म्हणाला, ‘जा, नाहीतर वाया जाईल.’ तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. पाहुणी म्हणून येते. चार दिवस राहीन, कदाचित आठ. पाहुणीला निघताना नोटीस द्यावी लागत नाही, आणि थांबायचं झालं तर कुणाला विचारावं लागत नाही.

स्वयंपाकाचं काही करून ठेवू नका. स्टेशनवर तर येऊच नका. गाडी दुपारी पोचते, पत्ता माझ्याजवळ आहे, विचारत विचारत येईन. घंटा वाजली म्हणून गडबडीनं उठायला जाल. मी घंटा वाजवणार नाही. तळमजलाच आहे ना, खिडकीशी येऊन हाक मारीन.

तुमची बायको